नारळाचा रकाना: क्वार्टरबॅक प्रकल्पाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

काल न्यू ऑर्लिन्सला झालेल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सची ४०-२२ अशी पिसं काढली. हा आकडाही सौम्य वाटावा, कारण तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० होतं. चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा सूत्रधार, पॅट्रिक महोम्स सहा वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच सहा वेळा आडवा पडला. ईगल्सनी त्यासाठी एकदाही जादा माणसं पाठवली नाहीत. पुढच्या फळीतल्या चौघांनीच काम तमाम केलं.

सकाळपासून ग्रुपवर एकच चर्चा: महोम्स संपला का? संपला वगैरे काही नाही. त्याच्या डाव्या बाजूला अख्खा हंगाम ठिगळं लावली होती, ती काल उसवली. मला ईगल्सच्या क्वार्टरबॅकचं, जेलन हर्ट्सचं, जास्त कौतुक वाटलं. २०२० च्या ड्राफ्टमध्ये (नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकाला निवडलेला मुलगा सुपर बोलचा मानकरी ठरला. मग ज्यांच्यावर पहिल्या फेरीतली निवड खर्च झाली, त्या क्वार्टरबॅकांचं पुढे काय झालं, हा प्रश्न शिकागोत राहून बेअर्सची पाठराखण करणाऱ्या माणसाला पडणारच. म्हणून तक्ता करायला घेतला.

१२ फेब्रुवारी

आधी हद्द ठरवली. २०११ ते २०२० या दहा ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडलेले सगळे क्वार्टरबॅक. एकूण ३२ नावं, कॅम न्यूटनपासून जॉर्डन लव्हपर्यंत.

२०११ पासून सुरुवात करायचं कारण पैसा. त्याआधी नवख्या खेळाडूचा करार म्हणजे आकाशाला हात. २०१० चा पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर घेऊन आला, त्यातले ५ कोटी हमीचे. त्यानं अजून एक पास फेकलेला नव्हता. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या नव्या करारानं वेतनश्रेणी बांधून दिली आणि पुढच्याच वर्षीच्या न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी मिळाले. तिथून संघबांधणीचं गणितच फिरलं. चांगला क्वार्टरबॅक चार-पाच वर्षं स्वस्तात मिळाला, तर उरलेल्या पैशात बाकीचा संघ उभा करता येतो. आज डॅलसचा डॅक प्रेस्कॉट वर्षाला सरासरी ६ कोटी घेतो आणि २०२५ साठी अख्ख्या संघाची पगारमर्यादा २७.९ कोटींच्या आसपास आहे. आमच्या बेअर्सच्या तरुण क्वार्टरबॅकचे, केलेब विल्यम्सचे, चार वर्षांचे मिळून ४ कोटी होत नाहीत.

२०२० ला थांबायचं कारण असं की त्यानंतरच्या पोरांचा निकाल अजून लागायचाय.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. बोली लागत नाही. गेल्या हंगामात जो तळाला, तो पहिला निवडतो. खेळाडूला कुठे जायचं ते विचारत नाहीत. नंबर आवडला नाही तर दुसऱ्या संघाशी अदलाबदल करायची, आणि खरी माती तिथेच खाल्ली जाते.

१६ फेब्रुवारी

यश कशाला म्हणायचं? यार्ड, टचडाऊन, रेटिंग सगळं लावून बघितलं. पण वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या संघांची तुलना करताना प्रत्येक आकड्याला फाटे फुटतात. शेवटी एकच साधी कसोटी ठेवली: ज्या संघानं निवडला त्याच संघानं त्याला दुसरा मोठा करार दिला का? घरच्यांनी खिशात हात घातला म्हणजे त्यांना तो हवा होता. पाचव्या वर्षाचा पर्याय वापरला तर तो मोजायचा नाही, ते फक्त मुदतवाढीचं लक्षण.

३२ पैकी १६ जणांना दुसरा करार मिळाला. बरोबर निम्मे. त्यातले आज त्याच संघात असलेले आठ: महोम्स, जॉश ॲलन, लमार जॅक्सन, कायलर मरी, जो बरो, टुआ टागोवायलोवा, जस्टिन हर्बर्ट आणि लव्ह. बाकीच्यांची यादी वाचताना बेअर्सवालाही जरा सुखावतो. ब्लेक बोर्टल्सला जॅक्सनव्हिलनं फेब्रुवारी २०१८ मध्ये करार दिला आणि वर्षभरात सोडून दिलं. डॅनियल जोन्सला जायंट्सनी २०२३ मध्ये चार वर्षांचे १६ कोटी कबूल केले आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये हंगामाच्या मध्यावरच मोकळं केलं. तेव्हा दुसरा करार म्हणजे मोक्ष नाही, पण मोजायला पट्टी पक्की आहे.

१ मार्च

इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची चाचणी, चालू आहे. पोरांना धावायला, उड्या मारायला लावतात, तळहात मोजतात. यंदाचे दोन मोठे क्वार्टरबॅक, मायामीचा कॅम वॉर्ड आणि कोलोरॅडोचा शेड्युर सँडर्स, दोघांनीही तिथे पास फेकायला नकार दिला. शहाणपण आहे. अनोळखी रिसीव्हरना टी-शर्टवर पास फेकून काय सिद्ध होतं?

तळहाताचा रकाना काढून टाकला. बरोचा हात ९ इंच भरला तेव्हा किती ओरड झाली होती. बरो कुठल्या कुठे गेला. केनी पिकेटचा साडेआठ भरला, तो पिट्सबर्गमध्ये टिकला नाही. याला जोडून उत्तर काढणारे लोक कुंडलीही जुळवतात.

कॉलेजमधल्या सामन्यांची संख्या हा मात्र ठेवावा असा रकाना वाटत होता. मिचेल ट्रुबिस्की नॉर्थ कॅरोलायनाकडून फक्त १३ सामन्यांत पहिल्यापासून उतरला होता आणि बेअर्सनी त्याच्यासाठी २०१७ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, एक पायरी वर जायला चार निवडी मोजल्या: स्वतःची तिसरी, त्याच वर्षीच्या आणखी दोन आणि पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीतली एक. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. महोम्स त्याच रात्री दहाव्याला गेला, डेशॉन वॉटसन बाराव्याला. पण न्यूटनसुद्धा ऑबर्नकडून एकच हंगाम खेळला होता आणि त्याचं उत्तम झालं. मरीचंही तसंच. रकाना राहू दे, पण त्यावर घर बांधता येणार नाही.

५ मार्च

काल बेअर्सनी लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडून पुढच्या फळीतला गार्ड जोना जॅक्सन घेतला, आज चीफ्सकडून जो थुनी. थुनीसाठी २०२६ ची चौथ्या फेरीची निवड. फुकटच म्हणायचं.

केलेब गेल्या वर्षी ६८ वेळा सॅक झाला. ह्यूस्टनच्या डेव्हिड कारचा २००२ चा ७६ चा विक्रम अजून शाबूत आहे एवढंच समाधान. यातले सगळे फळीच्या माथी मारणं खोटं ठरेल. हा पोरगा चेंडू धरून बसतो, मागे पळतो, काहीतरी जादू घडेल म्हणून वाट बघतो. पण त्याला ती सवय का लागली, हेही बघायला हवं.

९ मार्च

थँक्सगिव्हिंगच्या डेट्रॉइट सामन्याचा शेवट पुन्हा बघितला. मुद्दाम, आवाज बंद करून, फक्त कोपऱ्यातल्या घड्याळाकडे आणि बाजूला उभ्या असलेल्या कोचकडे बघत. लायन्स २३, बेअर्स २०. बेअर्स फील्ड गोलच्या (किक मारून तीन गुणांच्या) टप्प्यात, एक टाइमआऊट (घड्याळ थांबवायची मुभा) शिल्लक. केलेब सॅक होतो. घड्याळात अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ. इथे मुख्य कोच मॅट एबरफ्लूसनं फक्त हात वर करायचा होता. तो करत नाही. खेळाडू रांगत रांगत जागेवर येतायत, केलेब खुणा करतोय, खेळी बदलतोय, सेकंद गळतायत. स्नॅप होतो, म्हणजे चेंडू खेळात येतो, तेव्हा ६ सेकंद उरलेत. लांबचा पास रोम ओडून्झेच्या पलीकडे पडतो. सामना संपला, टाइमआऊट खिशातच.

दुसऱ्या दिवशी एबरफ्लूसला नारळ. बेअर्सच्या इतिहासात हंगाम चालू असताना कोच काढण्याची ती पहिलीच वेळ.

आणि इथेच मला हवा असलेला रकाना सापडला. ट्रुबिस्की २०१७ मध्ये आला, त्याच्या पहिल्या हंगामानंतर जॉन फॉक्सला नारळ. जस्टिन फील्ड्स २०२१ मध्ये आला, पहिल्या हंगामानंतर मॅट नॅगीला नारळ. केलेब २०२४ मध्ये आला, हंगाम संपायचीही वाट बघितली नाही. ओळीनं तीन क्वार्टरबॅक, आणि तिघांनाही ज्या कोचच्या हवाली केलं त्याची गादी आधीच डळमळत होती.

१५ मार्च

रकान्याचं नाव ‘नारळ’. प्रश्न एकच: निवड झालेल्या वर्षीचा मुख्य कोच पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला त्या जागेवर होता का?

३२ ओळी भरल्या. फक्त एका ठिकाणी अडलो. डेन्व्हरचा गॅरी क्युबिअॅक २०१६ नंतर प्रकृतीमुळे स्वतःहून बाजूला झाला, त्याला कोणी काढलं नाही. पण पॅक्स्टन लिंचच्या दृष्टीनं फरक शून्य. त्याची वही कोरी झालीच. त्यामुळे त्याची ओळही ‘नाही’मध्ये.

निकाल: १३ जणांचा कोच पहिल्याच हंगामात किंवा तो संपताच गेला. त्या १३ पैकी दुसरा करार मिळाला तिघांना: जॅरेड गॉफ, डॅनियल जोन्स, हर्बर्ट. उरलेल्या १९ पैकी दुसरा करार १३ जणांना.

तीन आणि तेरा. मी पुन्हा तपासलं. पॅट शर्मर हे नाव दोनदा आलं तेव्हा वाटलं ओळ दोनदा चिकटवली गेली, पण नाही. हा सज्जन २०१२ मध्ये क्लीव्हलंडला ब्रँडन वीडनच्या पहिल्या हंगामानंतर गेला आणि २०१९ मध्ये न्यू यॉर्कला जोन्सच्या पहिल्या हंगामानंतर पुन्हा गेला.

१६ मार्च

भाचा मॅडिसनला शिकतो आणि संगतीनं ग्रीन बे पॅकर्सचा झालाय. त्याला तक्ता पाठवला. पाच मिनिटांत फोन.

“मामा, हे उलटं नाही का? वाईट संघालाच वरची निवड मिळते. वाईट संघाचाच कोच जातो. आणि पोरगा वाईट खेळला म्हणूनही कोच जाऊ शकतो. तू कारण आणि परिणाम यांची खिचडी करतोयस.”

शंका रास्त आहे. म्हणून फक्त पहिल्या तीन क्रमांकांत निवडलेले वेगळे काढले, म्हणजे सगळेच गाळात रुतलेले संघ किंवा तिथवर चढायला मोठी किंमत मोजलेले. असे १३ निघाले. कोच गेला असे सहा: जेमिस विन्स्टन, मार्कस मरिओटा, गॉफ, ट्रुबिस्की, बेकर मेफील्ड, सॅम डार्नल्ड. दुसरा करार फक्त गॉफला. कोच राहिला असे सात: न्यूटन, अँड्र्यू लक, रॉबर्ट ग्रिफिन, बोर्टल्स, कार्सन वेंट्झ, मरी, बरो. ग्रिफिन सोडून सगळ्यांना दुसरा करार.

एवढ्याशा नमुन्यावर पीएचडी मिळायची नाही, मान्य. पण दुसरी यादी वाचा. न्यूटन, लक, वेंट्झ, मरी यांचे कोच त्यांच्याच वर्षी नव्यानं आलेले होते. आधी कोच आणला, मग पोरगा. आणि पहिल्या यादीतले मेफील्ड, डार्नल्ड यांना काय येत नव्हतं? मेफील्ड आज टँपात राज्य करतोय. डार्नल्डनं गेल्या वर्षी मिनेसोटाला १४ सामने जिंकून दिले, ३५ टचडाऊन फेकले आणि आता सिॲटलनं त्याला तीन वर्षांसाठी १० कोटींहून जास्त मोजलेत. पोरगे तेच. घर बदललं.

भाचा म्हणाला, “आमच्याकडे बघ. ॲरन रॉजर्स तीन वर्षं बसला, लव्ह तीन वर्षं बसला. तुमच्याकडे पोरगा येतो तेव्हा कोच सामान बांधत असतो.”

बोलण्यात तथ्य आहे, म्हणून जास्त राग आला.

२२ मार्च

गॉफची ओळ आज पूर्ण उलगडली, कारण केलेबसाठी आशा तिथेच आहे.

२०१६: पहिला क्रमांक. सात सामने पहिल्यापासून खेळला, सातही हरला, २६ सॅक. डिसेंबरात जेफ फिशरला नारळ. त्या वर्षी गुण करण्यात रॅम्स अख्ख्या लीगमध्ये तळाला. २०१७: शॉन मॅक्वे आला, वय वर्षं ३०. पुढच्या फळीसाठी डावा टॅकल अँड्र्यू व्हिटवर्थ आणला, सेंटर जॉन सलिव्हन आणला, पास झेलायला रॉबर्ट वुड्स आणि सॅमी वॉटकिन्स आणले, तिसऱ्या फेरीत कूपर कप उचलला. गॉफ १५ सामन्यांत २५ वेळा सॅक झाला, म्हणजे दुपटीहून जास्त सामने आणि एक सॅक कमी. रॅम्स गुण करण्यात पहिले.

एका उन्हाळ्यात तळापासून टोकापर्यंत. पोराचा हात तोच होता.

आता इकडे बघा. जानेवारीत बेअर्सनी बेन जॉन्सनला आणलं, ज्यानं डेट्रॉइटमध्ये याच गॉफचा दुसरा जन्म घडवला. थुनी आणि जॅक्सन आले, अटलांटाकडून सेंटर ड्रू डॉलमन आला. आतल्या तिन्ही जागा एका महिन्यात बदलल्या. जॉन्सनची पद्धत अशी की क्वार्टरबॅकनं सेंटरच्या मागे खेटून उभं राहायचं, धावण्याचं सोंग करायचं, बचाव पुढे झेपावला की त्याच्या डोक्यावरून पास. विचार करायला वेळ कमी, म्हणून चेंडू लवकर सुटतो. केलेबला ते रुचेल का? सुरुवातीला नाही रुचणार. पण सांगणारा माणूस पुढच्या वर्षीही तिथेच असेल, हे त्याला पहिल्यांदाच ठाऊक आहे.

१९ एप्रिल

ड्राफ्टला आठवडाही नाही. माझी मतं आत्ताच लिहून ठेवतो.

कॅम वॉर्ड यंदाचा सर्वोत्तम, त्यात वाद नाही. शाळेत त्याचा संघ जवळजवळ पासच फेकत नसे, म्हणून मोठ्या कॉलेजांनी ढुंकून बघितलं नाही. इन्कार्नेट वर्ड, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी. गेल्या हंगामात ४,३१३ यार्ड, ३९ टचडाऊन. खांदा कुठल्याही कोनात असला तरी चेंडू जातो. पण तो जाणार टेनेसी टायटन्सकडे. गेल्या वर्षी ३ विजय, १४ पराभव. जानेवारीत त्यांनी जनरल मॅनेजरला काढलं आणि कोच ब्रायन कॅलहनला ठेवलं. म्हणजे नवा मॅनेजर, त्याला वारशात मिळालेला कोच आणि पहिल्या क्रमांकाचा पोरगा. माझ्या तक्त्यात ही सगळ्यात घातक मांडणी आहे. वॉर्डची ओळ आधीच पिवळी करून ठेवली.

सँडर्स पहिल्या फेरीत जाऊ नये. अचूक आहे, धीट आहे, पण सॅक अंगावर ओढवून घेतो आणि ती खोड वरच्या पातळीवर कमी होत नाही, वाढते.

बेअर्सनी दहाव्याला टॅकल घ्यावा.

२५ एप्रिल

ग्रीन बेचा ड्राफ्ट. भाचा प्रत्यक्ष तिथे, गर्दीत हिरवा शर्ट घालून.

वॉर्ड पहिला, टायटन्स. अपेक्षितच. जॅक्सनव्हिलनं क्लीव्हलंडशी अदलाबदल करून पाचव्यावरून दुसऱ्यावर उडी मारली आणि ट्रॅव्हिस हंटर घेतला. पुढच्या वर्षीची पहिली फेरीही देऊन टाकली. दोन्ही बाजूंनी खेळणारा एक माणूस अशा किमतीचा असतो का? मी नसती दिली.

आमचा दहावा: टॅकल नाही, मिशिगनचा टाइट एंड (फळीला खेटून उभा राहणारा आणि पासही झेलणारा) कोल्स्टन लव्हलंड. घरात थोडा वेळ शांतता. मग डेट्रॉइटमध्ये जॉन्सननं टाइट एंड सॅम लापोर्टाचा काय उपयोग केला होता ते आठवलं आणि जेवायला बसलो.

पंचविसाव्याला जायंट्स पुन्हा पहिल्या फेरीत शिरले, मिसिसिपीचा जॅक्सन डार्ट घ्यायला. कोच ब्रायन डेबॉल. गेल्या हंगामात ३-१४, मालकांनी हात राखून ठेवलेला. दुसरी पिवळी ओळ.

२७ एप्रिल

सँडर्स पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकाला, क्लीव्हलंड. त्याच क्लीव्हलंडनं तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल घेतला होता. एका म्यानात दोन तलवारी, आणि म्यानही त्यांचं नेहमीचंच. पहिली फेरी नाही हे माझं म्हणणं होतं. पण १४४ म्हणजे लोकांनी खेळाडूपेक्षा त्याच्याभोवतीच्या गाजावाजाला जास्त गुण वजा केले.

बेअर्सनी दुसऱ्या फेरीत बॉस्टन कॉलेजचा टॅकल ऑझी ट्रपिलो उचलला. चला, आला एकदाचा.

१४ ऑक्टोबर

काल दोन गोष्टी एकाच दिवशी. दिवसा टायटन्सनी कॅलहनला नारळ दिला. सहा सामन्यांत एक विजय. वॉर्डची ओळ पिवळ्याची लाल झाली, सप्टेंबरपासून सहा आठवड्यांत.

रात्री बेअर्स वॉशिंग्टनला. गेल्या वर्षी याच मैदानावर, याच संघाविरुद्ध शेवटच्या क्षणी आकाशात भिरकावलेल्या पासवर सामना गेला होता आणि तिथून हंगाम कोसळला होता. यंदा पाऊस, २५-२४, शेवटच्या क्षणी जेक मूडीची किक. बेअर्सच्या बाजूनं. रात्र बरीच झाली होती म्हणून ओरडलो नाही; बायकोच्या मते ओरडलो.

१० नोव्हेंबर

काल सोल्जर फील्डवर जायंट्स. चौथ्या क्वार्टरपर्यंत डार्टनं आमच्या बचावाला नाचवलं. पोरगा भीती कशाशी खातात ते जाणत नाही; डोकं खाली घालून धावतो, आणि ते त्याला कोणीतरी थांबवायला हवं होतं. डोक्याला मार बसल्याच्या तपासणीसाठी त्याला आत नेलं आणि परत आणलं नाही. शेवटची दोन मिनिटं असताना केलेब १७ यार्ड पळत एंड झोनमध्ये गेला. आधी पॉकेटमध्ये (फळीनं राखलेल्या जागेत) थांबला, जागा दिसली, आणि मग मागे न जाता सरळ पुढे निघाला. गेल्या वर्षीचा केलेब तिथून दहा यार्ड मागे गेला असता. २४-२०.

आज डेबॉलला नारळ.

म्हणजे यंदा पहिल्या फेरीत दोनच क्वार्टरबॅक गेले आणि थँक्सगिव्हिंग यायच्या आत दोघांचेही कोच गेले. दोन्ही ओळी लाल. भाच्याचा निरोप आला: “मामा, आता हे तू घडवून आणतोयस.” डेबॉलच्या बाबतीत बेअर्सनी हातभार लावला हे नाकारत नाही.

गॉफची ओळ दोघांनाही उघडी आहे. टेनेसी आणि न्यू यॉर्क जानेवारीत कोणाला आणतात, आणि त्या माणसाला मार्चमध्ये फळी विकत घेऊ देतात का, एवढंच बघायचं. दुसऱ्या कराराचा रकाना दोघांपुढे २०२८ च्या आधी भरत नाही. तोवर ‘नवा कोच’ आणि ‘नवे लाइनमन’ असे दोन रकाने वाढवलेत. रविवारी मिनेसोटा.